उजव्या भिंतीची लाकडं

“आण्णा, आपल्या लाकडांचं लगीन कधी हाय?”

विचारलं बाई एकदाचं! संस्कृती आणि तेजश्री म्हणत होत्या, तुझ्यानं होणारच नाही. का नाही होणार? गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीला इतकी हळू ‘हजर’ म्हणायचे की बाई मला गैरहजर लावून पुढं जायच्या. पण यंदा पंधरा ऑगस्टला सगळ्या गावासमोर मी भाषण केलं. मधेच माईक बंद पडला तरी थांबले नाही. तेव्हापासून शेरडाच्या गळ्यात नवी घंटा बांधावी तसं माझं झालंय. जरा हललं की वाजतंय.

तर लाकडांचं असं झालं. शाळेत डबा खाताना मी दोघींना आमच्या घराचं सांगत होते. आमचं घर नांदूरघाटच्या वरच्या अंगाला, माळावर. दोन खोल्या आणि वर पत्रा. हिवाळ्यात पत्रा असा गारठतो की पहाटे त्याच्या आतल्या बाजूनं थेंब टपकतात. म्हणून दिवाळी झाली की आण्णा, म्हणजे माझे वडील, मधल्या खोलीत लाकडं रचतात. डाव्या भिंतीला रोजची: पऱ्हाट्या, तुराट्या, काटक्याकुटक्या. यंदा मात्र उजव्या भिंतीलाही लागली. पार पत्र्यापर्यंत बाभळीचे फोडलेले ओंडके, सगळे एका मापाचे, आणि त्यांना हात लावायचा नाही! पहिला ओंडका घरात आला तेव्हा आईनं त्याला हळदीकुंकू वाहिलं. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाली, सरपणबी लक्ष्मीच असती.

“लाकडाला हळद लागली?” तेजश्रीचा घास हातातच राहिला. “मग नवरदेव कोण, कुऱ्हाड?”

“अन् आमाला पत्रिका कावून न्हाई गं?” संस्कृती म्हणाली. “विचार की तुझ्या आण्णाला, लाकडांचं लगीन कधी हाय. हाय का हिंमत?”

“विचारते.”

“न्हाई विचारत तू.”

“आजच्या आज विचारते!”

आणि संध्याकाळी, घमेल्यातल्या इंगळाभोवती आम्ही तिघं पाय शेकत बसलो होतो, तेव्हा विचारलं.

मला वाटलं होतं आण्णा हसतील. ते चिमट्यानं इंगळ सारखे करत होते, तो चिमटा हातातच थांबला. त्यांनी आईकडं बघितलं. आईनं घासून ठेवलेला तवा उचलला आणि परत घासायला घेतला.

“अब्यास कर,” आण्णा म्हणाले. “दहावीचं वरीस हाय.”

माझा विनोद फसला असं समजून मी पुस्तक उघडलं. पण खरं सांगू, पुस्तकात लक्ष कुठलं लागतंय? हिवाळ्यात ही खोली मला भारून टाकते. लाकडं आत आली की आख्खं रान आमच्याकडं मुक्कामाला येतं. माझी बाज उजव्या भिंतीलगत. वाकळीत शिरलं की नाकाशी बाभळीचा वास, जरा तुरट, जरा गोड. लाकडं वाळताना बोलतात. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पार कोपऱ्यातून दुसरं, टक्. एक विचारतंय झोपलीस का, दुसरं म्हणतंय न्हाई गं. राखेखाली इंगळ लाल लाल श्वास घेतात, ओंडक्यांच्या सावल्या पत्र्यावर हलतात, आणि डोळे मिटता मिटता मला दिसतं की ही सगळी झाडं परत उभी राहिलीत. बाभळीला पिवळी फुलं आलीत, इतकी की उजेड त्यांचाच पडलाय. त्या पिवळ्या उजेडातून मी दप्तर घेऊन चाललेय. कुठं, ते नीट दिसत नाही. पण घाई अशी नसतेच. पाय गरम असतात ना!

आणि ती भिंत माझी होती, कारण ती मीच वाहून आणली होती. उन्हाळ्यातल्या वादळानं बांधावरची बाभळ आडवी झाली. गावातल्या शहादेवकाकांनी ती फोडली आणि मी डोक्यावर चुंबळ ठेवून एकेक खेप घरी आणली. आण्णा म्हणायचे, “दमलीस का माय?” मी म्हणायचे, न्हाई. दमणार कशी? प्रत्येक खेपेला मी विज्ञानातली एक व्याख्या पाठ करत होते. एका ओंडक्याला गुरुत्वाकर्षण, एकाला अपवर्तन, एकाला अप्रकट उष्मा. माझं अर्धं पुस्तक त्या भिंतीत रचलेलं आहे. कुणाला माहीत नाही, फक्त मला.

त्यानंतरच्या रविवारी गारठा असा पडला की पाण्याच्या हंड्याला हात लावला तर हात माझा आहे की दुसऱ्याचा कळेना. उजाडताना आण्णांनी पायानंच दार ढकललं. दोन्ही हात घोंगडीत गुंतलेले. घोंगडीत दोन करडं, नुकतीच जन्मलेली, ओली आणि थरथरणारी.

“चांदी व्याली,” ते म्हणाले. आमच्या थोरल्या शेळीचं नाव चांदी. “दोन झाली, पण ती उठंना गेलीय. मी अन् तुझी आई तिच्यापशी हाव. तू इस्तू कर अन् यांना वाळव. दार थोडं उघडं ठिव, न्हाईतर इंगळाची वाफ डोक्यात जाती.”

आणि गेलेसुद्धा. मी डावीकडं धावले. वरच्या तुराट्या ओल्या. खालच्या पऱ्हाट्याही ओल्या. पत्र्याचे थेंब रोज तिथंच पडत होते आणि लाकडांवर झाकलेलं पोतं मी अभ्यासाला बसायला घेतलं होतं! काडी ओढली, नुसता धूर. दुसरी ओढली, धूर. एका करडानं तोंड उघडलं, पण आवाज आलाच नाही. दुसऱ्याचं थरथरणं थांबायला लागलं होतं आणि ते थांबणं चांगलं नव्हतं.

मी उजव्या भिंतीकडं वळले. हात लावायचा नाही, माहीत होतं. लावला. वरचा ओंडका काढला, कोयत्यानं त्याच्या ढलप्या काढल्या, जुनी वही फाडून खाली घातली.

काय पेटलं ते! धूर नाही, तडतड नाही. आधी एक पिवळी जीभ, मग तीन, मग सगळं घमेलं सोन्यासारखं. मी अजून एक घातला, अजून एक. करडांना मांडीवर घेतलं आणि पोत्यानं पुसत राहिले. हळूहळू खोलीतला गारठा मागं सरकला, भिंतीपर्यंत, मग दारापर्यंत, मग दारातून बाहेर. करडांच्या अंगातून वाफ निघायला लागली. दोन लहान ढग माझ्या मांडीवर बसलेत असं वाटत होतं. उन्हाळाभर ऊन प्यायलेली ती बाभळ आता ते सगळं ऊन परत देत होती, थेट या दोघांच्या पोटात. मला गुंगी आल्यासारखं झालं. दार उघडं होतं, म्हणजे वाफेची नव्हे, सुखाची गुंगी. एक करडू पायांची गाठ सोडवत उभं राहिलं, पडलं, परत उभं राहिलं आणि त्यानं माझा कान चोखायला घेतला.

तेवढ्यात आण्णा आणि आई आत आले.

“उठली चांदी,” आण्णा म्हणाले, “खायलाबी लागली.” मग त्यांची नजर घमेल्यावर गेली. “हे कुठलं घेतलंस?”

“उजव्या भिंतीचं. डावीकडची सगळी वली झालीत. पोतं मी काढलं होतं, माझं चुकलं. पण बघा की आण्णा, दोगंबी जगली!”

ते करडांकडं बघेनात. आई तर दाराशीच उभी होती, मग झटकन पुढं येऊन भिंतीच्या तळाशी बसली आणि अगदी खालच्या ओंडक्यावरून हात फिरवला. हळदीकुंकवाचा ओंडका तिथंच होता.

“किती जाळलीस?”

“पाच. न्हाई, सहा.”

“अगं बाई,” आई म्हणाली आणि भिंतीलाच टेकली.

“आई, लाकडंच तर हायत.”

“ती तुझी लाकडं हायत,” आण्णा म्हणाले.

“माझी?”

“तुझ्या लगनाची.”

मी आधी हसले. हसू संपलं तेव्हा परवाचा माझा प्रश्न आठवला आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

आण्णा घमेल्याशी बसले. बोलताना ते इंगळाकडंच बघत होते. “वैशाखात. तुझी परीक्षा झाली की. तानाजीमामानं बघितलंय स्थळ, नारायणगडाच्या बाजूचं. माणसं लई चांगली हायत. तुला आताच सांगायचं न्हवतं, डोक्यात घोळत बसलं असतं.”

“अन् अकरावी?”

“अकरावी केजला. रोज कोण नेणार? एसटी एक दिस येती, एक दिस न्हाई. आमी दोगं दिसभर शेरडांमागं रानात. तरणी पोर घरात एकली, रस्त्यानं एकली. जीव थाऱ्यावर राहत न्हाई माय.”

आई अजून त्या तळाच्या ओंडक्यावर हात ठेवून होती. “हळद लागलेलं सरपण लगनाआदी जाळू न्हाई,” ती म्हणाली. “अन् तू सहा जाळलीस.”

“आई, असं कावून रडायलीस? लाकडं परत येतील.”

“तुला काय माहीत.” तिनं पदरानं नाक पुसलं. “माझ्या लगनात सरपण वलं निघालं. आदल्या रातीला पाऊस झालता अन् आमच्या बाबांनी लाकडं भायेर ठिवलती. सगळ्या मांडवात धूर. भात कच्चा, वरण कच्चं. पाव्हणे डोळे पुसत जेवले. तुझी आजी मरेस्तोवर म्हणायची, हिच्या बापानं आमाला रडवून जेवू घातलं. सणाला म्हणायची, बारशाला म्हणायची. तू झालीस तवाच मी यांना म्हटलं, माझ्या लेकीचं सरपण सा म्हैने आदी घरात यायला पायजे. कोरडं ठणठणीत. माझ्या लेकीला कुणी धुराचं बोलायला नगं.”

“किती वर्षांची होतीस तू तेव्हा?”

“आठवीत होते. पहिली चाचणी दिलती. दुसरी राहिली.”

हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. मी त्या भिंतीकडं बघितलं. सगळे ओंडके एका मापाचे, फट नाही, तिढा नाही. रोज रानातून आल्यावर आण्णा एखादा सरळ करायचे, बाहेर आलेला आत सारायचे. मला वाटायचं त्यांना नीटनेटकं आवडतं. इतकी माया पत्र्यापर्यंत रचून ठेवली होती आणि मी तिला टेकून झोपत होते. रागाला जागाच नव्हती, हेच तर अवघड होतं. राग आला असता तर भाषण ठोकलं असतं.

घमेल्यातला सहावा ओंडका मधून मोडला. ठिणग्या वर गेल्या, विझल्या. करडू माझ्या ओढणीत तोंड घालून झोपलं. मला सगळं लांबून दिसायला लागलं, स्वप्नात दिसतं तसं: मांडव, भात रटरटणारी चूल, धूर अजिबात नाही, सगळे हसत जेवतायत, आई पहिल्यांदा मोकळी फिरतेय. आणि पाटावर बसलेली पोरगी. तिच्याजवळ जाऊन बघितलं तर ती दुसऱ्या चाचणीचा अभ्यास करत होती. घाबरले मी. खरंच घाबरले.

“उद्या शहादेवला सांगा,” आई आण्णांना म्हणाली. “सहाच्या जागी सात आणा. एक जास्तीचा हळद लावून ठिवते. भरून निघल.”

“उद्या कशाला?” आण्णा उठले. “बांधावर बुडखा हाय अजून. आत्ताच फोडतो.” त्यांनी कोपऱ्यातली कुऱ्हाड घेतली.

ती भिंत एकदा परत भरली असती तर मग मला काहीच बोलता आलं नसतं, हे मला कुणी न सांगता कळलं.

“आण्णा, कुऱ्हाड ठिवा. बसा.”

त्यांना ‘बसा’ असं आमच्या घरात कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, कुऱ्हाडीकडं बघितलं, आणि बसले. आईनं पदर तोंडाशी धरला. माझ्या मांडीवर करडू होतं म्हणून मला उठता येईना, नाहीतर उभं राहूनच बोलले असते.

“आई, तुझ्या डोळ्यात गेलेला धूर मला आज कळला. शपथ. पण नवी लाकडं आणायची न्हाईत. मी ठरवलंय. वैशाखात माझं लगीन होणार न्हाई. त्याच्या पुढल्या वैशाखातबी न्हाई. मला अठरा पुरी व्हायलाच अजून अडीच वरीस हाय, अन् अठराला म्हणून लगेच करीन असंबी न्हाई. दहावी झाली की मी केजला अकरावीला नाव घालणार, सायन्सला. एकली जाणार न्हाई आण्णा, तेजश्री अन् संस्कृतीबी येतील, आमी तिघी. एसटी न्हाई आली तर जीपनं. ही भिंत यंदाच्या हिवाळ्यात जाळायची, पहाटं मी अब्यासाला बसले की दोन ओंडके, रोज. अन् तानाजीमामाला तुमी काही सांगू नका, तुमाला अवघड वाटल. फोन द्या हिकडं. मीच सांगते.”