भेटल्यावर सांगतो

कडूबाईला काय झालंय ते काकासाहेबांना कळलं, तेव्हा ती दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून मोसंबी सोलत होती. आत डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून पोटातली गाठ कुठवर पसरली आहे ते सांगितलं. फार आशा धरू नका, म्हणाले. मग विचारलं, "बाईंना सांगायचं का?"

"नको. धास्ती घेईल ती."

काकासाहेबांच्या घरात कुणालाच कधी सांगितलेलं नव्हतं. वडिलांना नाही, थोरल्या भावाला नाही. आजाऱ्याला आजाराचं नाव सांगत नसतात, एवढंच त्यांना ठाऊक.

बाहेर येऊन ते म्हणाले, "आतड्याला सूज हाय. गोळ्यांनी जाईल."

"मग मला बाहेर का बसवलं?"

"डॉक्टरला गर्दी आवडत नाय."

"मी एकटी, तर गर्दी व्हय?" असं म्हणून तिनं मोसंबीच्या दोन फोडी त्यांच्या हातावर ठेवल्या.

दुसरी कुणी बायको असती तर हे लपवणं जमूनही गेलं असतं. कडूबाईला रहस्यकथांचा नाद होता. काकासाहेब वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून दुपारची जेवणं झाली की ते मोठ्यानं वाचत, आणि ती मेथी निवडत नाहीतर शेंगा फोडत ऐके. पुस्तकं शहागंजातल्या इम्रानच्या दुकानातली, जुनी, दुसऱ्यांनी वाचलेली. "चाचा, इसमें तीन खून है. चाचीको बोलो, अब पकडके दिखाव," असं म्हणून तो पुस्तक हातात द्यायचा. चाची अर्ध्यातच पकडायची.

तिचे ठोकताळे ठरलेले होते. पहिला संशय नोकरावर आला की नोकर सुटला. गोष्टीत काही काम नसताना जो चहाला येऊन बसतो, त्याच्यावर डोळा ठेवायचा. आंधळ्याला बहुतेक दिसत असतं. प्रेताचा चेहरा ओळखू येत नसेल, तर तो माणूस जिवंत आहे. सगळ्यात जास्त चीड तिला एकाच माणसाची यायची. त्याला खुनी कळलेला असतो. तो फोन करतो आणि म्हणतो, "फोनवर नको, भेटल्यावर सांगतो." पुढच्या पानावर तो मरून पडलेला.

"मेल्या, मूग गिळले होते का?" ती पुस्तकालाच म्हणायची. "नाव सांगायला किती वेळ लागतो!"

अशा बाईपुढं काकासाहेब गोळ्या खोक्यातून काढून साध्या डबीत भरून आणू लागले. भेटायला येणाऱ्याला दारातच सांगू लागले, "तिला माहीत नाय, रडू नका." मग माणसं आत जाऊन उगाच मोठ्यानं हसत. मुलगी श्रेया सुट्टी नसताना पुण्याहून आली आणि आईशी एकदाही भांडली नाही. शेजारीण सण नसताना पुरणपोळ्या घेऊन आली.

"सगळी एकदम गोड वागाया लागली की समजावं, गोष्टीत कायतरी शिजतंय," कडूबाई म्हणाली.

"तुझं डोकं पुस्तकातच."

"वाचून दाखवलं कुणी?"

दिवाळीनंतर ती म्हणाली, "मला सरूकडं न्या."

सरूबाई तिची धाकटी बहीण, लासूर स्टेशनला दिलेली. तिनं श्रेयासाठी आपल्या सासरकडचं स्थळ आणलं होतं, तेव्हा चारचौघांत कडूबाई बोलून गेली होती, "त्या घरात तुझंच काय भलं झालं?" तेव्हापासून जाणं-येणं तुटलं होतं.

सरूबाईच्या मनातलं सगळं चेहऱ्यावर दिसायचं. ती बघताक्षणी रडली असती आणि सगळं उघडं पडलं असतं.

"बरं वाटल्यावर जाऊ," ते म्हणाले.

"अन् नाय वाटलं तर?"

"वाटंल की."

ती पुन्हा म्हणाली, मग पुन्हा. शेवटी त्यांनी दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन सरूबाईला फोन लावला.

"सरू, एकदा येऊन जा. कडूला भेटायचंय तुला."

"मग तिनं करावा की फोन. तिच्या हाताला काय झालंय?"

"तसं नाय गं."

"मग कसं? दाजी, काय झालंय का?"

आत कडूबाई खोकली. काकासाहेबांनी आवाज बारीक केला. "फोनवर नको. भेटल्यावर सांगतो."

सरूबाई आली नाही. मानी बाई. तिला वाटलं, बहिणीनं स्वतः माघार न घेता नवऱ्याला पुढं केलं.

थंडी पडली तशी कडूबाई पडूनच ऐकू लागली. एका दुपारी गोष्टीतल्या वकिलाला सगळं ठाऊक असतं आणि तो नेमक्या माणसालाच सांगत नाही, अशा जागी तिनं हात वर केला.

"थांबा. हा वकील लबाड हाय."

"का?"

"ज्याचा जीव जाणार, त्याला सोडून सगळ्या गावाला सांगून बसलाय. त्याला सांगितलं असतं तर त्यानं आपली कामं तरी उरकली असती."

काकासाहेब पुढची ओळ शोधू लागले.

"मला विचारा ना, खुनी कोण."

"कोण?"

"तुम्हाला ठावं हाय. मलाबी ठावं हाय. आता बोला."

ती रागावलेली नव्हती. वाट बघत होती. नुसतं "व्हय" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. दुसऱ्या दिवशी गाडी करून लासूरला जाता आलं असतं. तेवढं बळ तिच्यात अजून होतं. काकासाहेबांनी चष्मा पुसला, पान उलटलं आणि पुढचं प्रकरण वाचायला घेतलं. तिनं जरा वेळ ऐकलं, मग भिंतीकडं तोंड केलं. त्या पुस्तकातला खुनी तिनं सांगितला नाही. सरूचं नावही पुन्हा काढलं नाही.

संक्रांतीच्या आधी ती गेली.

दहाव्याला सरूबाई काकासाहेबांच्या शेजारी येऊन बसली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "दाजी, एका शब्दानं सांगितलं असतं तर मी अनवाणी आले असते ओ. राग धरूनच गेली का ती? माझं नावबी काढलं नाय?"

घर माणसांनी भरलेलं होतं. काकासाहेब म्हणाले, "शेवटी तिला शुद्ध नव्हती, सरू."

सरूबाईनं मान हलवली. तिनं ते खरं धरलं.

रहस्यकथेच्या शेवटी कुणीतरी सगळ्यांना एका खोलीत बसवतो आणि कुणी काय लपवलं ते सांगतो. वाचताना काकासाहेबांना ते सोपं वाटायचं. आता उन्हाळा लागलाय. लासूरला जायचं म्हणून ते बस स्टँडपर्यंत जातात, बाकावर बसतात, गाडी लागते, लोक चढतात, आणि ते घरी येतात.

कडूबाई सरूकडं न्या म्हणत होती आणि आपण नेलं नाही, हे सरूबाईला सांगायचं अजून राहिलं आहे.