पाइपाचं तिसरं तोंड

“नळाचा टेप? ब्रेकला?”

चाकाशी वाकलेल्या मावशीने एवढंच विचारलं आणि माझे कान लाल झाले. मी प्लंबर. वीस वर्षं जो सांधा गळेल त्याला पांढरा टेप गुंडाळत आलो. आमच्या जुन्या गाडीला डिस्क ब्रेक बसवायची मला हौस आली, दोन रविवार अंगणात लोळून मी ते बसवलेही. चाकाजवळचा ब्रेकच्या तेलाच्या पाइपाचा सांधा गळायला लागला तेव्हा हात सवयीने टेपकडे गेला. थेंब थांबेना. मग पाना लावून जीव खाऊन आवळला. थेंब चालूच.

मावशी माझ्या बायकोची. बसडेपोत एकतीस वर्षं ब्रेकचं काम करून निवृत्त झालेली, आठवडाभर आमच्याकडे राहायला आलेली. खरं तर मी तिला विचारणारच नव्हतो. पण चार वाजता बायको लेकीला घेऊन हीच गाडी काढणार होती, आणि आमच्या दारातून निघालेला रस्ता खालच्या वळणापर्यंत नुसता उतरत जातो.

“जावईबापू, हे पाणी नव्हे. हे तेल पायाच्या जोराने धावून येतं. पाइपाचं तोंड समोरच्या तोंडावर नेमकं बसायला हवं, तिथे टेपचं काय काम? आणि तुम्ही तर आवळून आवळून त्याचं थोबाडच चेपवलंत.”

तिने पिशवीतून साचा काढला. लोक मुक्कामाला येताना औषधं आणतात. ही पाइपाचं तोंड फुलवायचा साचा घेऊन आली होती.

चेपलेलं टोक कापलं, नट आधी पाइपात सरकवला, साचा आवळला. तोंड छान गोल फुललं. मला तर झकास वाटलं. मावशीने डोळे मिटून त्याच्या कडेवरून नख फिरवलं.

“चीर आहे.”

मी बॅटरी लावून पाहिलं, भिंगातून पाहिलं. मला काही दिसेना. तिने ते कापून टाकलं, दुसरं केलं. पुन्हा नख फिरलं. “हे तिरकं.” तेही गेलं. पाइप आता जेमतेम पुरेल एवढाच उरला होता आणि सव्वातीन वाजून गेले होते.

“मावशी, चालून जाईल की!”

“चालेल हो. थांबायचं काय?”

तिसऱ्या तोंडावर नखाची सबंध फेरी झाली आणि ती स्वतःशीच हसली. सांधा तिने माझ्या निम्म्या जोराने आवळला. मग बायकोला आत बसवून “दाब, धर, सोड” करत पाइपातली हवा काढली. शेवटी पेडल दाबून धरायला लावलं आणि सांध्याखाली कोरडा कागद धरून ती पाच मिनिटं उकिडवी बसून राहिली. कागद कोरडाच. मला अक्षरशः तिच्या पाया पडावंसं वाटलं.

“चला,” ती पुढच्या सीटवर बसत म्हणाली. “आमच्या डेपोत नेमच होता. ज्याने ब्रेक केला, तो पहिल्या फेरीला गाडीत.”

मी चालवली, ती शेजारी. उतारावर तिने मला सात वेळा गाडी थांबवायला लावली.

चारला बायको आणि लेक निघाल्या. मावशी फाटकाशी उभी राहिली. गाडी उताराला लागली, लहान होत गेली. वळणाच्या अलीकडे मागचे लाल दिवे लागले, गाडी संथ झाली आणि वळून दिसेनाशी झाली. तेव्हा कुठे मावशीने फाटकाची कडी सोडली. तिच्या तळहातावर कडीचा वळ उठला होता.

“डेपोतही असंच व्हायचं?” मी विचारलं.

“रोज. साठ गाड्या सुटायच्या,” असं म्हणून ती हात धुवायला आत गेली.

मी तिथेच उभा राहिलो. लहानपणापासून मी बसने फिरत आलोय. घाट उतरताना खिडकीला डोकं टेकून खुशाल झोपत आलोय.