वरच्या फळीवरचं भांडं

मिनेसोटातल्या त्या चर्चच्या तळघरात रविवारचं जेवण मांडलं जात होतं. व्हर्नाने उजवा हात सरळ वर नेला आणि सगळ्यात वरच्या फळीवरचं कॉफीचं मोठं भांडं खाली घेतलं. बायका बघतच राहिल्या. हिवाळाभर याच बाईला स्वतःचे केस विंचरता येत नव्हते.

"बघा, मी सांगत नव्हते?" आर्डिस म्हणाली. "हळदीच्या गोळ्या. आपली व्हर्नाच विकते."

व्हर्ना नुसती हसली. तिचा आखडलेला खांदा सुटला होता तो फिजिओथेरपीने, रोज कण्हत भिंतीवर बोटं चढवून. गोळ्या विकणारी बाई गावातल्या दवाखान्यात दिसली तर धंदा बसेल, म्हणून ती त्यासाठी शेजारच्या गावी जायची. स्वतःच्या बाटलीचं झाकणसुद्धा तिने उघडलं नव्हतं. आता खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं, पण गॅरेजमधली न विकलेल्या बाटल्यांची खोकी डोळ्यांपुढे आली आणि ती भांडं पुसायला लागली.

जेवणं आटोपल्यावर आर्डिस कोट घेऊन तिच्याकडे आली.

"जरा बाही चढव गं. माझाही खांदा धरलाय. तुझ्या गोळ्या सुरू केल्या नि डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम दिले सोडून. कोण रोज मरणार?"

व्हर्नाने तिचा हात उचलून पाहिला. तो कमरेच्या वर येईना.

"हळू," कळ सोसत आर्डिस म्हणाली. "तुला बघून धीर येतो बाई. अजून एक बाटली ठेव माझ्यासाठी."

"ठेवते," व्हर्ना म्हणाली, आणि मान खाली घालून तिच्या कोटाची बटणं लावत राहिली.