मागच्या टाकीतलं डिझेल

मी एक जुनी पिकअप गाडी आहे. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या पश्चिमेला, जिथे शेजारीसुद्धा अर्ध्या दिवसाच्या वाटेवर राहतो, तिथे माझं आयुष्य गेलं. माझा रंग एकेकाळी निळा होता. आता लाल धुळीमुळे त्याला काय म्हणावं, ते मलाच सांगता येत नाही.

मित्रांनो, मी नवी होते तेव्हा माझ्यात पेट्रोलचं इंजिन होतं आणि दोन टाक्या होत्या. सीटजवळचा कॉक फिरवला की इंजिन एकीऐवजी दुसरीतून पेट्रोल ओढायचं. माझा मालक क्लॅरी हॉबडे गुरं पाळायचा. तो नेहमी मागची टाकी आधी संपवायचा आणि पुढची परतीसाठी राखून ठेवायचा. त्या शिस्तीमुळे मी रानात कधी अडकले नाही. लोक कौतुक करायचे आणि मी मनातून सुखावायचे.

पुढे इंजिन थकलं. क्लॅरीने मला शेडमागे उभं केलं. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. त्या दिवसांबद्दल मी फारसं बोलत नाही.

मला उठवलं ते त्याच्या लेकीने, ट्रुडीने. अपघातात मोडलेल्या एका ट्रकचं डिझेल इंजिन तिने माझ्यात बसवलं. टाक्या इतक्या धुतल्या, की पेट्रोलचा वासही उरला नाही. पण या इंजिनाची रीत निराळी. ते लागतं त्याहून जास्त डिझेल ओढतं आणि उरलेलं वेगळ्या नळीने टाकीत परत पाठवतं. म्हणून ज्या टाकीतून घेतलं तिच्यातच परत सोडणारा कॉक हवा होता. तो अजून यायचा होता. तोवर ट्रुडीने परतीची नळी पुढच्या टाकीला जोडून ठेवली.

तेवढ्यात शेजाऱ्यांशी बोलायच्या रेडिओवर शेजारचा मर्व ओरडला, "क्लॅरी, तुझ्या लांबच्या बोअरचा पंप बंद पडलाय! हौद कोरडा आहे, गुरं हंबरतायत!"

ऐन उन्हाळा होता. ट्रुडीने दोन्ही टाक्या भरल्या.

"बाबा, मागचं डिझेल पंपासाठी आहे. कॉकला हात लावू नकोस."

"ऐकलं गं! मी काय बहिरा आहे?"

क्लॅरी चालवायला बसला आणि आठवडाभराच्या कामाने दमलेल्या ट्रुडीचा शेजारच्या सीटवर लगेच डोळा लागला. फाटक ओलांडताच क्लॅरीच्या हाताने सवयीने कॉक मागच्या टाकीवर फिरवला. मागच्या टाकीतलं डिझेल इंजिनात येऊ लागलं. उरलेलं मात्र काठोकाठ भरलेल्या पुढच्या टाकीत जाऊन तिच्या हवेच्या नळीतून वाटेवर सांडू लागलं. मला कळत होतं, पण मित्रांनो, मला हाक मारता येत नाही. मागची टाकी कोरडी झाली, तेव्हा मी बंद पडले.

ट्रुडीने खाली वाकून पाहिलं. नळीतून अजून थेंब गळत होते.

"बाबा, कॉक फिरवलास?"

"तीस वर्षं हेच करतोय मी!"

"तीस वर्षं हिच्यात दुसरं इंजिन होतं!"

तिने पुढची टाकी चालू केली, नळ्यांतली हवा काढली आणि मी पुन्हा सुरू झाले. पुढच्या टाकीत जाऊन येण्यापुरतं डिझेल होतं. पंपासाठी काहीच उरलं नव्हतं.

बोअरपाशी गुरं कोरड्या हौदाला खेटून उभी होती. एक वासरू आडवं पडलं होतं. पंपाचं डिझेल फुटक्या नळीतून मातीत गेलं होतं. ट्रुडीने नळी बदलली. मग दोघंही माझ्याकडे बघत राहिली.

"हिच्यातलं काढ," क्लॅरी म्हणाला.

"मग घरी कसं जायचं?"

"रेडिओवरून मर्वला बोलाव. हसेल तो. हसू दे."

माझी टाकी रिकामी होत गेली, पण मला वाईट वाटलं नाही. पंप धडधडला. पाणी आधी तांबूस आलं, मग स्वच्छ. क्लॅरी टोपीत पाणी घेऊन वासरापाशी बसला. बऱ्याच वेळाने ते धडपडत उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मर्व डिझेलचं पिंप घेऊन आला. "टाक्या दोन आणि अक्कल अर्धी!" तो म्हणाला.

"अर्धी तरी म्हणालास," क्लॅरी पुटपुटला.

निघताना तो नेहमीसारखा चालकाच्या दारापाशी गेला आणि थांबला. मग वळसा घालून पलीकडच्या सीटवर बसला.

"तू चालव. आणि हिच्या आत आता काय कसं चालतं, ते मला नीट सांग."

मित्रांनो, आम्हा जुन्या गाड्यांना भंगारात टाकण्याआधी एकदा नवं इंजिन देऊन पाहा. पण मग आमच्याशी नव्याने ओळखही करून घ्या. त्या दिवशी क्लॅरी घर येईपर्यंत प्रश्न विचारत होता, आणि ट्रुडी माझं स्टिअरिंग सांभाळत एकेकाचं उत्तर देत होती.