दोन वाटांचा निरोप

मिडलवेअर म्हणजे संगणकांच्या मधला निरोप्या. याचा निरोप त्याला पोचवायचा, बाकी काही करायचं नाही. माझा एम.ई.चा प्रकल्प त्याच्या आकृत्यांवर होता. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून कपाशीच्या फवारणीचा सल्ला गावोगावी कसा जाईल, ते मी चौकटी आणि बाण काढून दाखवलं होतं. भरीव टोकाचा बाण म्हणजे पाठवणारा उत्तरासाठी थांबतो. उघड्या टोकाचा म्हणजे तो सांगून मोकळा होतो.

अमरावतीला तोंडी परीक्षा सुरू होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आकृतीवर बोट ठेवलं.

"निरोप हरवला तर?"

"दुसऱ्या वाटेनं पुन्हा जातो सर."

"आणि दोन्ही पोचले तर?"

"तर शेतकरी दोनदा फवारणी करेल."

त्या वर्षांत एका फवारणीचा खर्चच कर्जबाजारी लोकांना जड जात होता. "हे आकृतीत कुठं दिसतं?" त्यांनी विचारलं.

कुठंच दिसत नव्हतं. तेवढ्यात मला सकाळ आठवली. अकोल्याहून निघताना बाळाचं अंग कोमट लागलं होतं. अमरावतीला उतरल्यावर शेजारच्या कुर्बानभाईंच्या दुकानात फोन केला, सासूबाईंना सांगा, तापाचं औषध द्या. दुकानात गलका होता, त्यांना ऐकू गेलं की नाही कळेना. म्हणून नवऱ्याला, नितेशलाही त्याच्या ऑफिसात फोन केला, घरी जाऊन औषध दे.

"सर, मला एक फोन करायचाय."

"आधी उत्तर द्या."

मी बाहेर पडले.

बूथवरून फोन लावला. कुर्बानभाई म्हणाले, "रुक बेटी, बोलावतो." रिसीव्हर गल्ल्यावर ठेवलेला. कोणीतरी साखर मागत होतं. मग सासूबाईंची धाप ऐकू आली.

"काहून वं? का झालं?"

"आई, औषध कोणी दिलं?"

"कुर्बानभाऊची नईमा सांगून गेली तवा म्या देलं. मंग मी नळावर गेलो तं नितेश आला, त्यानंबी देलं. तूच सांगलं ना त्याले?"

"मीच सांगितलं. दवाखान्यात न्या त्याला."

"झोपून राहिलं लेकरू."

"आई, आत्ता न्या!"

"कुर्बानभाऊ," त्या तिकडे ओरडल्या, "आटो बोलवा जरा."

माझं बोट नितेशचा नंबर फिरवायला गेलं. मी ते मागं घेतलं आणि तिथंच बसून राहिले. बूथवाला म्हणाला, "मॅडम, बाकीचे थांबले आहेत." मी म्हटलं, मीपण.

बऱ्याच वेळानं पुन्हा फोन लावला. नईमाभाभींनी उचलला. डॉक्टर म्हणाले होते, घाबरायचं काही नाही, आज आता औषध नको, लक्ष ठेवा.

परत गेले तेव्हा परीक्षकांचा चहा झाला होता. आकृती सुधारून पुन्हा आणा, म्हणाले. मी बरं म्हटलं आणि बस पकडली.

घरी पोचले तर बाळ टाहो फोडत होतं. सासूबाई, नितेश आणि नईमाभाभी तिघंही त्याच्याकडे टक लावून बसले होते.

"दूध पाजलं का?"

सासूबाईंनी नितेशकडे पाहिलं, नितेशनं भाभींकडे.

"मले वाटलं यानं पाजलं असन," सासूबाई म्हणाल्या. "दोनदा नको ना व्हायले."

मी चप्पल न काढताच त्याला उचललं.