गच्चीच्या पाण्याचा निकाल

आयुष्यात कुणापुढं मान खाली घातली नाही, असं हिंमतराव स्वतःच सांगत. मोंढ्यातली धान्याची आडतही त्यांनी त्याच ताठ मानेवर चालवली. पण मुलाचं, उत्कर्षचं लग्न तेर गावच्या राजनंदिनीशी ठरलं, जोडप्यासाठी गच्चीवर खोली बांधायचं निघालं, आणि खोलीची परवानगी नगरपालिकेत अडकली.

मागल्या पावसाळ्यात पेठेत गुडघाभर पाणी शिरलं, तेव्हा दुकानदारांनी एकच बोंब ठोकली होती. मग बांधकामाचे नियम बदलले. नवं बांधकाम करायचं तर त्याच्या छतावरचं पाणी रस्त्यावर सोडायचं नाही, शोषखड्डा करून जागच्या जागी जिरवायचं. हिंमतरावांनी भर चौकात या नियमाची तारीफ केली होती. तेव्हा तो लोकांसाठी आहे, असं त्यांना वाटलं होतं.

"काका, खड्ड्याला जागा कुठंय?" बांधकाम विभागातली तरुण इंजिनिअर निकिता अंगणात उभी राहून विचारत होती. अंगणभर शहाबादी फरशी, फरशीखाली एकीकडं संडासाची टाकी, दुसरीकडं पाण्याची. "शेजाऱ्यांच्या जागेत केला तरी चालेल. त्यांची लेखी संमती तेवढी आणा."

शेजारी म्हणजे वसंतराव. धुरपदाबाईंनी पदर तोंडाला लावला. तो हसू लपवायला होता, हे हिंमतरावांना बायकोकडं न बघताही कळलं.

पूर्वी हिंमतरावांच्या गच्चीचा पाइप वसंतरावांच्या परसात, लिंबोणीपाशी पडायचा. वसंतराव म्हणाले, पाइप काढा. हिंमतराव म्हणाले, आमच्या माळवदाची पन्हाळ बापजाद्यांपासून तिथंच पडते, हक्क आहे आमचा. प्रकरण कोर्टात गेलं आणि वसंतराव जिंकले. पाइप रस्त्याकडं वळला. गल्लीत पेढे वाटले गेले, त्यातला एक मुद्दाम हिंमतरावांकडंही पाठवला गेला. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

आता ज्या पाण्यासाठी त्या माणसानं कोर्ट दाखवलं, तेच पाणी 'घ्या हो' म्हणत त्याच्या दारात न्यायचं. हिंमतरावांना जेवण गोड लागेना.

"मग ऱ्हाऊ द्या खोली," धुरपदाबाई म्हणाल्या. "पोरगं-सून झोपतील आपल्यातच. मधी पडदा लावू."

हिंमतरावांनी मुकाट्यानं टोपी घातली. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. फक्त यात गाढव कोण, हे शेजारचं फाटक उघडेपर्यंत त्यांना नक्की ठरवता येईना.

वसंतराव "या" म्हणाले. चहा आला, निवून गेला.

"खड्डा तुमच्या परसात खांदावा लागंल," हिंमतराव शेवटी म्हणाले. "खर्च समदा माझा. पाणी खाली जिरंल, वर थेंब दिसायचा न्हाय. तुमी न्हाय म्हणलात तरी माझं काय म्हणणं न्हाय." यातलं शेवटचं वाक्य साफ खोटं होतं.

वसंतराव उठले. "इकडं या."

परसात लिंबोणी होती, पण नावालाच. पानं पिवळी पडलेली, फळ एक नाही. शेजारी बोअरच्या पंपावर धूळ साचली होती.

"पाइप वळला आन् पुढच्याच उन्हाळ्यात बोअर आटला," वसंतराव म्हणाले. "मागनं ही लिंबोणी वाळत गेली. मला तवाच कळलं, समदं तुमच्या पाण्यावर चालत हुतं."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

"कोणत्या तोंडानं सांगू? केस जिंकलो हुतो. पेढे वाटून बसलो हुतो."

हिंमतरावांना हसायला यायला हवं होतं, पण आलं नाही. इतकी वर्षं हा माणूस भिंतीपलीकडं जिंकून कोरडा बसला होता, आपण अलीकडं हरून फुगून बसलो होतो, आणि पाणी बिचारं पेठेत जाऊन दुकानं बुडवत होतं. त्यांना वाईट वाटलं, आणि हलकंही वाटलं.

"पण कोर्टाचा निकाल हाय," ते म्हणाले. "अवमान-बिवमान झाला तर?"

"निकाल माझ्या बाजूचा हाय. त्याचं काय करायचं ते मी बघंन."

संमतीवर सही झाली. खड्डा खणताना वसंतराव दिवसभर मजुरांच्या डोक्यावर उभे होते. अजून खोल, अजून खोल. निकिता पाहणीला आली तेव्हा त्यांनी तिलाही सोडलं नाही, एवढंच पाणी का म्हणून विचारलं.

"नियम नव्या खोलीच्या पाण्यापुरताच आहे, काका," ती म्हणाली.

"आख्ख्या गच्चीचं येऊ द्या. बापजाद्यांपासून हितंच पडतंय, हक्क हाय आमचा," वसंतराव म्हणाले.

पावसाळा झाला. बोअरला पाणी आलं, लिंबोणी पालवली. तुळशीच्या लग्नानंतर उत्कर्षचं लग्न लागलं. पंगत बसायच्या आधी वसंतराव आले, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन.

"मागं पाठवलेला पेढा खाल्ला हुता का?"

"म्हशीला घातला," हिंमतराव म्हणाले.

"वाटलंच मला. मग ह्यो तरी खा."

हिंमतरावांनी दोन खाल्ले.