कोमट

पूर्णगडच्या मन्सूरचाचांनी सव्वीस वर्षं अबूधाबीत नळ जोडले आणि परत आल्यापासूनची वर्षं ते सांगण्यात घालवली. इथल्या वीजकेंद्रात लागल्यावरही तेच. "मी बसवलेलं मीटर खोटं बोलत नाय," हे त्यांचं चहावाल्यालाही ऐकवून झालं होतं.

केंद्राच्या एका कोपऱ्यात नम्रता या तरुण संशोधिकेचा प्रयोग चालू होता. चिमणीचा धूर टॉवरमधून न्यायचा, वरून द्रावण सोडायचं आणि त्यातल्या एन्झाइमने धुरातला कार्बन डायऑक्साइड पटापट पकडायचा. "आपल्या रक्तातही असतं हे, चाचा," ती सांगे. "फक्त कोमट लागतं, विरजणाच्या दुधासारखं. कढत झालं की मेलं."

पण आठ दिवस टॉवर काही पकडीना. एन्झाइमचे दोन डबे वाया गेले, एकच उरला. द्रावणाच्या नळावरचं मीटर तर बेचाळीस अंश दाखवत होतं, म्हणजे कोमटच. तेव्हा एन्झाइमच फुसकं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दुपारी तीनला मुंबईचे साहेब येऊन प्रयोगाचा गाशा गुंडाळणार होते. नम्रताचं तोंड एवढंसं झालं होतं. चाचांना तिचं फार वाईट वाटत होतं.

अडीचला, जेवून उठताना, त्यांनी द्रावणाच्या नळाला हात टेकला आणि "या अल्ला!" करत मागे घेतला. तळवा लालबुंद. मीटर मात्र बेचाळीसवरच. चाचांनी वाकून पाहिलं. वाचायला सोपं जावं म्हणून त्यांनीच ते नळाच्या अशा बाजूला बांधलं होतं, की शेजारचा थंड पाण्याचा नळ त्याला खेटला होता. बिचारं मीटर त्याचाच गारवा सांगत बसलं होतं.

गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. चाचांच्या मनात ते आलंही, चूळ भरेपर्यंत.

साहेब आले, कागद काढू लागले, तोच चाचा पुढे झाले. "एन्झाइम चांगलं हाय, साहेब. मीटर खोटं हाय. मीच बांधलं." आणि त्यांनी तळवा दाखवला.

साहेबांनी कागद मिटले. मीटरची जागा बदलली, द्रावण निववणारं थंड पाणी वाढवलं. मीटर आधी बहात्तर म्हणालं, मग हळूहळू उतरलं. शेवटचा डबा हातात धरून नम्रता थांबली. मीटरकडे तिने पाहिलंच नाही.

"चाचा, तुम्ही सांगा."

चाचांनी दुसरा हात नळावर ठेवला. चांगला मिनिटभर.

"कोमट हाय, बाय. ओत."

तासाभरात टॉवरमधून बाहेर पडणाऱ्या धुरातला कार्बन डायऑक्साइड निम्म्यावर आला.